मोठ्या एसयूव्हीला जादा इंधन टाकी: आरटीओची परवानगी, पात्रता आणि कागदपत्रे

फॉर्च्युनरची टाकी ८० लिटरची, स्कॉर्पिओ-एनची ५७ आणि सफारीची ५०. गाडी दहाचा ॲव्हरेज देते असं धरलं तरी यातली सर्वात लहान टाकी पाचशे किलोमीटर जाते. मनाली-लेह रस्त्यावर टांडीच्या पंपावर ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ अशी पाटी प्रसिद्ध होती. त्या हिशोबातही कंपनीची टाकी पुरते. म्हणून जादा टाकीचा विचार करणाऱ्याने आधी स्वतःला विचारावं, की अडचण खरंच टाकीची आहे की पंप दिसेल तिथे टाकी भरून घेण्याच्या आळसाची. उत्तर तरीही ‘टाकीच हवी’ असं आलं, तर पुढचं वाचा.

यात सर्वात जास्त गोंधळ एका युक्तिवादाने होतो. फिटिंगवाला सांगतो, “आरसीवर टाकीची क्षमता लिहिलेलीच नसते, मग आरटीओला काय दाखवायचं?” पहिला अर्धा भाग खरा आहे. नोंदणी प्रमाणपत्रात इंधनाचा प्रकार, इंजिनाची घनक्षमता, आसनं, व्हीलबेस, गाडीचं मोकळं वजन, रंग अशा नोंदी असतात. टाकी किती लिटरची, याचा रकाना नसतो. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष घाईचा आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं, की उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी आरसीचे तपशील विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. याच कलमाच्या स्पष्टीकरणात बदलाची व्याख्याही आहे: गाडीच्या रचनेतला असा फरक, ज्यामुळे तिचं मूळ वैशिष्ट्य बदलतं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र प्रकरणात हे कलम काटेकोर वाचलं आणि उत्पादकाच्या तपशिलाविरुद्ध बदल चालणार नाही, असं स्पष्ट केलं. आता बुलबारचं, म्हणजे बंपरपुढे लावतात त्या लोखंडी दांड्यांचं बघा. आरसीवर बुलबारचाही रकाना नाही. तरी डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना कळवलं, की समोर लावलेले क्रॅश गार्ड कलम ५२ च्या विरोधात आहेत. रकाना नाही म्हणजे मोकळीक, हे गणित तिथेच मोडलं.

शिवाय टाकी वाढली की रकान्यातलंच एक काहीतरी हलतं: वजन. डिझेलचं लिटर साधारण ८३० ग्रॅम भरतं. साठ लिटर जादा म्हणजे पन्नास किलो, वर टाकी, पट्टे, ब्रॅकेट आणि खालचा संरक्षक पत्रा वेगळा. हे सगळं बहुधा मागच्या ॲक्सलवर येतं. गाडीत सात माणसं आणि छतावर सामान असेल, तर उत्पादकाने ठरवलेली एकूण वजनमर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही. अर्ज करण्यापूर्वी हा हिशोब कागदावर मांडा. अधिकाऱ्याने विचारलं तर तुमच्याकडे आकडा हवा.

कोणत्या गाडीचा अर्ज टिकेल?

स्वतंत्र चेसिसवर बांधलेली डिझेल एसयूव्ही असेल तर बाजू त्यातल्या त्यात बरी. टाकी बसवायला चेसिसला जागा असते, आणि पेट्रोल गाडीसारखं बाष्पाचं प्रकरण नसतं. पेट्रोल गाडीत टाकीतली वाफ कोळशाच्या डब्यातून इंजिनाकडे जाते आणि ही यंत्रणा मूळ टाकीच्या मापाने बनवून बीएस-६ या प्रदूषण मानकाच्या चाचणीत उतरवलेली असते. टाकी मोठी केली की ती मंजुरी तुमच्या गाडीला लागू राहते का, हा प्रश्न उभा राहतो. पेट्रोल एसयूव्हीत दुसरी टाकी घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

टाकी कोणाची, यावर बाकी सगळं ठरतं. काही कंपन्या ठरावीक बाजारांसाठी कारखान्यातूनच दुसरी टाकी देतात. ऑस्ट्रेलियात विकल्या गेलेल्या टोयोटा प्राडो १५० मध्ये ८७ आणि ६३ मिळून १५० लिटर डिझेल मावायचं. तुमच्याच मॉडेलसाठी उत्पादकाने अशी टाकी बनवली असेल आणि ती इथे मंजूर असल्याचं कंपनी लेखी देत असेल, तर अर्जाला जीव आहे. वर्कशॉपमध्ये पत्रा वाकवून वेल्डिंग केलेल्या टाकीसाठी मात्र अर्ज करण्यात अर्थ नाही. आत लाटा रोखणारे पडदे आहेत का, गाडी उलटली तर डिझेल बाहेर येऊ न देणारा व्हॉल्व्ह आहे का, सायलेन्सरपासून अंतर किती, याचा दाखला कोण देणार? परदेशातून मागवलेल्या नामांकित टाकीचीही इथे हीच अडचण होते. तिकडचं प्रमाणपत्र इथे आपोआप चालत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम १२६ मध्ये नमूद असलेल्या संस्थांपैकी एकीचा चाचणी अहवाल हाच भक्कम पुरावा. पुण्याची एआरएआय, मानेसरची आयकॅट या त्यातल्याच.

गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं लेखी ना-हरकत पत्र आधी घ्या. कर, चलन, पीयूसी थकलेलं असेल तर ते निपटवून मगच अर्ज करावा, नाहीतर गाडी तिथेच अडते. टॅक्सी-परवान्यावरची गाडी असेल तर फिटनेस तपासणीत हा बदल पुन्हा नजरेखाली येणार, हे गृहीत धरा.

अर्जाचा क्रम

क्रम एकच आहे: आधी परवानगी, मग टाकी. बरेच लोक उलट करतात आणि मग झालेलं काम ‘पास करून घ्यायला’ गाडी आणतात.

पहिलं पाऊल म्हणजे आपल्या नोंदणी प्राधिकरणाला, म्हणजे आरटीओला, लेखी अर्ज. त्यात गाडी क्रमांक, चेसिस व इंजिन क्रमांक, मूळ टाकीची क्षमता, प्रस्तावित टाकीची क्षमता, बसवण्याची जागा, बनवणारा आणि बसवणारा कोण, हे लिहा. सोबत नकाशा किंवा आराखडा, चाचणी अहवाल आणि वजनाचा हिशोब जोडा. परिवहनच्या ‘वाहन’ पोर्टलवर गाडीतील बदलाची सेवा आहे. तिथे अर्ज भरून शुल्क भरता येतं. पण टाकीसारख्या दुर्मीळ बाबतीत फक्त ऑनलाइन अर्जावर विसंबू नका. कार्यालयात जाऊन आवक क्रमांकाची पोच घ्या.

लेखी परवानगी हातात आल्यावरच टाकी बसवा. त्यानंतर कायद्याने चौदा दिवसांची मुदत दिली आहे. तेवढ्या दिवसांत बदल झाल्याचं आरटीओला कळवून, आरसी आणि विहित शुल्क देऊन नोंद करून घ्यायची. मोटार वाहन निरीक्षक गाडी बघतात. त्या दिवशी टाकी रिकामी-भरलेली कशीही असो, गळती नको आणि इंधनाचा काटा खरा दाखवायला हवा. दुसऱ्या टाकीचा सेन्सर डॅशबोर्डशी जुळवला नसेल तर ‘अजून किती किलोमीटर’ हा आकडा थापा मारत राहतो.

जोडायची कागदपत्रं अशी:

- मूळ आरसी, चालू विमा पॉलिसी, पीयूसी आणि कर भरल्याचा पुरावा
- ओळख आणि पत्त्याचा पुरावा
- चेसिस क्रमांकाचा पेन्सिल प्रिंट (क्रमांकावर कागद ठेवून पेन्सिलने घासून घेतलेला ठसा)
- उत्पादकाचं पत्र किंवा मान्यताप्राप्त संस्थेचा चाचणी अहवाल
- टाकीचं बिल आणि बसवणाऱ्याचा दाखला
- गाडीवर कर्ज असल्यास बँकेचं ना-हरकत पत्र

याखेरीज कार्यालयानुसार एखादं प्रतिज्ञापत्र मागितलं जाऊ शकतं.

विमा कंपनीला कळवणं हे आरटीओच्या यादीत नसतं, पण टाळू नका. नवी टाकी पॉलिसीत दाखवून घ्या. उद्या गाडी पेटली, तर सर्वेअर सर्वात आधी खालीच वाकून बघणार आहे.

परवानगी न घेता बसवली तर? कलम १८२-अ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने स्पष्ट तरतूद आहे: परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

याच गरजेला असलेल्या दुसऱ्या वाटा चटकन सांगतो. पेट्रोल एसयूव्हीत सीएनजी किट बसवलं की दुसरं इंधन म्हणून पल्ला वाढतो, आणि तिची प्रक्रिया रुळलेली आहे. कलम ५२ मध्येच तिला जागा आहे. ऑगस्ट २०२२ पासून साडेतीन टनांखालच्या बीएस-६ पेट्रोल गाड्यांनाही मंजूर किट लावता येतं. आरसीवर इंधनाचा प्रकार बदलून घ्यावा लागतो आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी चाचणी करावी लागते. डिक्की मात्र गेली समजा. डिझेलवाल्यांसाठी, गाडीला कायमचा न जोडलेला पोलादी जेरीकॅन हा सर्वात कमी कटकटीचा उपाय आहे. तो केबिनबाहेर, घट्ट बांधलेला आणि फक्त डिझेलसाठी. कायद्याने पेट्रोल ‘अ’ या सर्वात ज्वलनशील वर्गात मोडतं, ते डब्यात घेऊन फिरू नये.

अर्ज नाकारला गेला, तर तोंडी ‘होत नाही साहेब’ ऐकून परत फिरू नका. कारणासहित लेखी आदेश मागा. कलम ५७ खाली त्या आदेशाविरुद्ध तीस दिवसांत अपील करता येतं, आणि हे दिवस तुम्हाला आदेश मिळाल्यापासून मोजतात. अपिलात नवा युक्तिवाद करण्यापेक्षा नकाराच्या कारणालाच उत्तर देणारा कागद, बहुतेक वेळा चाचणी अहवाल, जोडणं जास्त उपयोगी पडतं.