क्लाउडवर गेलं म्हणजे बॅकअप झाला?

वागळे इस्टेट असो की रबाळे एमआयडीसी, सर्व्हर काढून क्लाउडवर जाणाऱ्या कारखानदारांमध्ये एक समज पक्का बसलाय: आता बॅकअपचा खर्च वाचला. तसं अजिबात नाही. गूगल ड्राइव्ह सिंक करतं, म्हणजे सगळ्या संगणकांवर फाइल सारखी ठेवतं; त्यामुळे अकाउंट्सच्या एका संगणकावरून फोल्डर उडालं की ते सगळीकडून उडतं. रॅन्समवेअरने (फाइली लॉक करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने) बिघडवलेली फाइलही चांगल्या फाइलच्या जागी जाऊन बसते. गूगल ड्राइव्हचा ट्रॅश 30 दिवसांनी रिकामा होतो, आणि मार्चमधली चूक सापडते सप्टेंबरात, ऑडिटच्या वेळी! म्हणून 3-2-1 धरा: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक जागेबाहेर. हार्ड डिस्क कॉपी होताच काढून ठेवा. जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर आल्यावर तीही लॉक होते. आणि क्लाउडच्या करारावर सही करण्याआधी टॅलीचा जुना डेटा प्रत्यक्ष रिस्टोअर करून, किती तास लागले ते मोजा.