मिठामुळे राजमा शिजत नाही, हे खरं नाही

‘मीठ आधी घातलंस ना, म्हणून दाणा कडक राहिला!’ हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. मीही वर्षानुवर्षं राजमा, छोले, वाल शिजल्यावरच मीठ घालत आले. पण दोष मिठाचा नाहीच.

कडधान्याच्या सालीत पेक्टिन, म्हणजे पेशींना एकत्र धरून ठेवणारा घटक, असतं आणि त्याला कॅल्शियम-मॅग्नेशियम घट्ट बांधून ठेवतात. मिठातलं सोडियम त्यातल्या काहींची जागा घेतं, बांधणी सैल होते. म्हणजे मीठ साल मऊ करतं! रात्री राजमा भिजवताना एक लिटर पाण्यात दोन चहाचे चमचे मीठ घाला. सकाळी ते पाणी ओतून द्या, राजमा धुऊन ताज्या पाण्यात शिजवा. बोटांत दाबून बघा: साल न फाटता, न सोलवटता आतला गर लोण्यासारखा दबतो. शिवाय चव दाण्याच्या आतपर्यंत गेलेली असते, नुसती रश्शात राहत नाही. मात्र नंतर मीठ घालताना हात जरा आवरा.

खरे अडथळे वेगळेच आहेत. चिंच, आमसूल, टोमॅटो ही आंबट मंडळी आधी पडली की दाणा अडून बसतो. गुळाचंही तेच, म्हणून आमटीत चिंच-गूळ डाळ शिजल्यावर घालायची आपली जुनी रीत अगदी बरोबर आहे. बोअरचं जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असलेलं पाणी हे आणखी एक कारण. आणि डब्यात दोन वर्षं पडून राहिलेला राजमा असेल, तर कितीही शिट्ट्या काढा, तो हट्टीच राहतो.