तराजू कुणाच्या हातात? पुण्यातल्या शेतकरी बाजारांची मागची गोष्ट

दिवे घाट चढून सासवडच्या अंगाला लागलं की रस्त्याच्या दोन्ही कडांना रंगीत छत्र्या दिसू लागतात. छत्रीखाली बाई, पुढ्यात पाट्या, मागे पत्र्यावर रंगवलेलं 'शेतातून थेट'. पावसाळा सरता सरता सीताफळं, मग वाटाणा, मग अंजीर. पुण्याच्या गाड्या थांबतात, काच खाली होते, भाव विचारला जातो आणि बरेचदा उतरायचेही कष्ट न घेता पिशवी आत येते. सिंहगडाच्या पायथ्याला, पौड रस्त्याला हेच दृश्य. खुद्द शहरात शेतकरी आठवडे बाजार आहेत, सोसायटीच्या फाटकात उभे राहणारे टेम्पो आहेत, डिसेंबरात भीमथडी जत्रा आहे. ही सगळी हौस नवी वाटते, पण ज्यानं पिकवलं त्यानंच आणून विकायचं हा या गावाचा जुनाच रिवाज. मधल्या शंभर-सव्वाशे वर्षांत तो मागे सारला गेला आणि आता परत यायला बघतोय. या ये-जा करण्याचा माग काढायचा तर एकच प्रश्न धरून चालावं: तराजू कुणाच्या हातात होता?

पुण्याच्या पेठांना वारांची नावं आहेत. त्या त्या वारी तिथे बाजार भरत असे म्हणून ती पडली असं जुने लोक सांगतात. सगळ्या पेठा जन्मतःच त्या नावाच्या नव्हत्या. आजची बुधवार पेठ १७०३ मध्ये औरंगजेबाने 'मुहियाबाद' म्हणून वसवली होती, वार तिला पेशवाईत चिकटला. आज वाराशी इमान राखून भरणारा मध्यवस्तीतला नावाजलेला बाजार म्हणजे जुना बाजार, बुधवारी आणि रविवारी. तिथे मिळतं काय, तर भंगार, गंजलेली हत्यारं आणि बंद पडलेली घड्याळं. भाजी नाही.

भाजीची मंडई १८८६ पर्यंत शनिवारवाड्यापुढच्या उघड्या पटांगणात भरायची. मांजरी, हडपसर, मुंढवा, पाषाण अशा आसपासच्या गावांतून डोक्यावर पाटी किंवा बैलगाडीतून माळवं यायचं. माळवं म्हणजे मळ्यात पिकलेली भाजी. शहरात हा शब्द आता कोणी वापरत नाही, गावाकडे अजून आहे. १८७० च्या दशकात खडकवासल्याचं धरण आणि मुठेचा कालवा झाला आणि पुण्याच्या पूर्वेकडच्या जमिनींना बारमाही पाणी मिळालं. ऊस आला, पालेभाजी आली. शहराच्या ताटाचा भूगोल या एका कालव्याने बदलला असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

हे कालव्याचं पाणी, हे माळवं आणि शहराचा बाजार या तिन्ही टोकांना एकाच वेळी हात असलेला माणूस म्हणजे जोतीराव फुले. घराणं फुलमाळ्याचं, स्वतः बांधकामाचे कंत्राटदार, मांजरीला शेती, आणि १८७६ ते १८८२ पुणे नगरपालिकेचे सदस्य. त्यामुळे १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये त्यांनी भाजी विकायला आलेल्या शेतकऱ्याची जी कथा सांगितली ती ऐकीव नाही. शेतकरी गाडीभर माळवं घेऊन शहरात येतो. घेताना जास्त आणि देताना कमी वजन करणारे दलाल एकीकडे, नगरपालिकेची जकात दुसरीकडे. दोघांचं भागवून होईतो मालाचे पैसे संपलेले असतात, गाडीभाडं अंगावर पडतं आणि गडी रिकाम्या हाताने घरी जातो. वजनातल्या चोरीवर फुल्यांनी नेमकं बोट ठेवलं, ते मला महत्त्वाचं वाटतं. भाव पडला तर निसर्गाला, नशिबाला बोल लावता येतो. काट्यात मारलं तर ते समोरच्या माणसाने मारलेलं असतं.

याच सुमारास नगरपालिकेने बंदिस्त मंडई बांधायचं ठरवलं. फुल्यांचा विरोध होता: इमारतीवर एवढा पैसा ओतण्यापेक्षा तो शिक्षणावर घाला. ऐकलं कोणी नाही. शुक्रवार पेठेत सरदार खासगीवाल्यांच्या जागेवर अष्टकोनी मनोरा आणि त्याभोवती पाकळ्यांसारख्या पसरलेल्या ओवऱ्या उभ्या राहिल्या आणि १८८६ मध्ये मुंबई प्रांताचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने 'रे मार्केट' सुरू झालं. कॅम्पातल्या गोऱ्या लष्करासाठी त्याच काळात कॅनॉट मार्केट बांधलं गेलं. आजची शिवाजी मंडई ती हीच. पुढे १९३८ च्या सुमारास आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना रे मार्केटचं नाव बदलून महात्मा फुले मंडई झालं. ज्या इमारतीला त्या माणसाने विरोध केला तिलाच त्याचं नाव. पुणेकरांनी हा विनोद मुद्दाम केला की नकळत, यावर मंडईतल्याच कट्ट्यावर वाद घालावा.

मंडईने एक गोष्ट चांगली केली: ऊन-पाऊस थांबवला, ओटा दिला, पाणी दिलं. पण ओटा म्हणजे गाळा आणि गाळा म्हटलं की गाळेधारक. जो रोज बसू शकतो त्यालाच ओटा परवडतो, आणि शेतकरी रोज बसू शकत नाही. त्याला पाणी धरायचं असतं, खुरपायचं असतं. त्यामुळे पिढी-दोन पिढ्यांत मंडई ही विकणाऱ्यांची झाली, पिकवणाऱ्यांची राहिली नाही. विकणाऱ्यांना मी कमी लेखत नाही. मंडईतल्या भाजीवाल्या बायकांनी या शहराला भाजी निवडायला शिकवलं, आणि 'मंडई विद्यापीठ' हे नाव काही उगीच पडलेलं नाही. १९२४ मध्ये मोतीलाल नेहरूंच्या हस्ते टिळकांचा पुतळा बसला तोही मंडईतच. पण शेतकरी तिथे पहाटे येऊन माल उतरवून जाणारा माणूस झाला, एवढं खरं.

शेतीची बाजू त्याच वेळी वेगळीच आकसत होती. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी शहरालगतच्या पिंपळे सौदागर या खेड्याची पाहणी करून ती १९१७ मध्ये प्रसिद्ध केली. १७७१ मध्ये तिथे सरासरी धारणा ४० एकरांची होती, १९१५ पर्यंत ती ७ एकरांवर आली होती. आज पिंपळे सौदागरला एकराचा हिशेब कोणी करत नाही, चौरस फुटाचा करतात.

घाऊक व्यापार जुन्या पेठांतल्या गल्ल्यांत कोंबलेला होता. तिथे भाव ठरायचा तो बरेचदा रुमालाखाली. व्यापारी आणि आडत्या, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणारा दलाल, कापडाखाली एकमेकांची बोटं दाबणार, शेतकरी बाजूला उभा राहून दोघांचे चेहरे वाचणार. हे मोडायला बाजार समित्या आल्या. आधी मुंबई प्रांताचा १९३९ चा कायदा, मग महाराष्ट्राचा १९६३ चा: उघडा लिलाव, परवानाधारक आडते, नेमलेले तोलणार, विक्रीनंतर लेखी पट्टी, म्हणजे हिशेबाची पावती. म्हणजे तराजू आडत्याकडून काढून त्रयस्थाकडे देण्याची ही खटपट होती. फुल्यांची तक्रार कायद्यात उतरायला ऐंशी वर्षं लागली असं म्हणायला हरकत नाही. पुण्याचा घाऊक बाजार यथावकाश गुलटेकडीला गेला आणि 'मार्केट यार्ड' हा शब्द मराठी झाला.

पहाटे यार्डात गेल्याशिवाय हे शहर जेवतं कसं ते कळत नाही. चारच्या आधीच आवक सुरू, कोथिंबीर-मेथी शेकड्यावर, टोमॅटो क्रेटवर, कांदा गोणीवर. पाठीवर पोतं घेतलेला हमाल वाट मागत नाही, तुम्ही द्यायची असते. या हमालांना संघटित केलं ते बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने. हमाल-माथाडींच्या अशा चळवळींच्या रेट्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला, आणि १९७४ मध्ये कष्टकऱ्यांना स्वस्तात जेवण देणारी 'कष्टाची भाकर' केंद्रं सुरू झाली. स्थानिक अन्न, परवडणारं अन्न यावर आज जी भाषणं होतात ती ऐकताना मला आधी ती भाकर आठवते.

पण यार्डालाही गंज चढला. पट्टीत आडत (आडत्याची दलाली), हमाली, तोलाई, कधी कधी कसलीशी 'इतर' अशा कपाती वाढत गेल्या. एकाच्या गाळ्यावर दुसरेच चार जण धंदा करणारे 'डमी आडते' हा शब्द तिथलाच. समितीवर निवडून आलेलं मंडळ जवळपास दोन दशकं नव्हतं. निवडणूक झाली ती २०२३ मध्ये. आपल्या घरात मेथीची जुडी ज्या भावाने येते आणि पट्टीवर जो आकडा असतो त्यांतलं अंतर मी एकदा एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या पट्ट्या चाळून बघितलं होतं. त्यानंतर काही दिवस भाजीवालीशी घासाघीस करायची इच्छाच झाली नाही. आणि घासाघीस न केल्याचा फायदा त्या शेतकऱ्याला झाला का? नाही, त्याची पट्टी आधीच फाटलेली होती.

मग परतीची वाट सुरू झाली. २००६ च्या सुमारास कायद्यात बदल होऊन समितीबाहेर थेट खरेदी-विक्रीला जागा मिळाली. जुलै २०१६ मध्ये फळं आणि भाजीपाला समितीच्या नियंत्रणातून बाहेर काढला गेला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराने द्यावी असं ठरलं. आडत्यांनी संप केला, शहरात भाजी कडाडली. त्याच वर्षी पणन मंडळाच्या आठवडे बाजारांना सरकारने अभियानाचं रूप दिलं आणि नाव ठेवलं संत शिरोमणी श्री सावता माळी यांचं. सरकारी योजनांची नावं क्वचितच इतकी चपखल असतात. 'कांदा मुळा भाजी । अवघी विठाई माझी ॥' म्हणणारा अरणचा हा माळी पंढरपूर जवळ असून मळ्यातच रमला, विठ्ठलाला त्याच्याकडे यावं लागलं अशी आख्यायिका. इथे शेतकऱ्याला मळा सोडून कोथरूडला यावं लागतं, एवढाच काय तो फरक.

एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत मार्केट यार्ड बंद झालं तेव्हा हा थेट विक्रीचा बाजार एका रात्रीत मोठा झाला. शेतकरी गट आणि उत्पादक कंपन्या भाजीची खोकी भरून सोसायट्यांच्या फाटकांशी पोचवू लागल्या. व्हॉट्सअॅपवर नावं, खोक्यात काय असेल ते असेल. कधी तीन प्रकारची वांगी आली, तरी कोणी कुरकुरलं नाही. यार्ड उघडल्यावर त्यातले पुष्कळ टेम्पो यायचे थांबले, काही टिकले. जे टिकले त्यांच्याकडे रोज एकच भाजी नव्हती. चार-पाच शेतकऱ्यांनी आपसांत वाटून घेतलं होतं, कोण पालक लावणार आणि कोण गवार.

याला समांतर दुसरा प्रवाह शेतावर जाण्याचा. २००५ मध्ये बारामतीजवळ कृषी पर्यटनाचा प्रयोग सुरू झाला, २०२० मध्ये राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं. आता थंडीत पुण्याबाहेर पडणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर हुरडा पार्टीचे फलक असतात. हुरडा, गूळ, दही, शेंगदाण्याची चटणी, परत निघताना छोट्या दुकानातून काकवी आणि इंद्रायणी तांदूळ. इंद्रायणी हा वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये आलेला वाण, आंबेमोहोराच्या घरातला. तो 'आजोबांच्या काळापासूनचा पारंपरिक तांदूळ' म्हणून विकला जातो तेव्हा गंमत वाटते. चव उत्तम आहे, खोटं बोलायची गरज नाही. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन आहे, त्याचे खट्टा आणि मीठा असे दोन बहार असतात, आणि झाडावर पिकलेलं अंजीर दोन दिवसही धड टिकत नाही. रस्त्यावर थांबून घ्यायला याहून चांगलं कारण कोणतं?

छत्रीखालचं सगळंच शेतातलं नसतं, हेही सांगायला हवं. पहाटे यार्डातून उचललेला माल आठ वाजता 'थेट' होतो. ओळखायची माझी खूण साधी आहे: ज्याच्याकडे मे महिन्यातही वाटाणा, फ्लॉवर आणि सफरचंद असं सगळं आहे त्याचं शेत फारच मोठं असणार. ज्याच्यापुढे दोनच पाट्या आहेत, वांगी थोडी वेडीवाकडी आहेत आणि 'कालवा सुटला नाही, म्हणून जरा निबर आहेत' असं जो न विचारता सांगतो, त्याच्याकडून घ्यावं. पावसाळ्यात कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात तिथे मावळ-मुळशीच्या बाया टाकळा, कुर्डू, कर्टोली, भारंगी घेऊन येतात. त्यांच्याकडे तराजू बहुधा नसतोच. वाटा असतो. डोळ्यांना पटला तर उचलायचा.

फुल्यांच्या मांजरीचं काय झालं, ते राहिलं. २०२१ मध्ये मांजरी बुद्रुक महापालिकेत आलं. कालव्याकाठच्या जमिनींवर आता इमारती आहेत. पण तिथेच पुणे बाजार समितीचा उपबाजार भरतो, आणि त्याची ख्याती अशी की तिथे शेतकरी आडत्याविना थेट किरकोळ विक्रेत्याला माल देतो. व्यापारी त्यात घुसतात अशी ओरडही अधूनमधून होते. मी गेलो तेव्हा एका पोराने टेम्पोचा फाळका पाडला, कोथिंबिरीच्या जुड्या पाच-पाचच्या हाताने खाली द्यायला सुरुवात केली आणि मोठ्याने मोजू लागला. घेणाराही त्याच्याबरोबर मोजत होता. सत्तरच्या पुढे कुठेतरी दोघांचे आकडे चुकले. पोरगा हसला, म्हणाला, "चला काका, पहिल्यापासनं."