किलो उतरले, पण कशाचे?

भूक कमी करणारी इंजेक्शनं आता मुंबईत डॉक्टरांच्या चिठ्ठीवर केमिस्टकडे मिळतात. टिर्झेपटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आलं, वजनासाठीचं सेमाग्लुटाइड त्याच वर्षी जूनमध्ये. दोन्ही आतड्यातल्या संप्रेरकांची नक्कल करतात. पोट भरल्याचा निरोप मेंदूला लवकर पोचतो, जठरही सावकाश रिकामं होतं. वजन खरंच उतरतं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेमाग्लुटाइडच्या चाचणीत ते ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के उतरलं.

त्याच चाचणीत काही जणांचं शरीर स्कॅन केलं, तेव्हा उतरलेल्या वजनातला जवळजवळ ४० टक्के भाग चरबीचा नव्हता. त्यात पाणी वगैरेही येतं, सगळा स्नायूच असं नाही. पण स्नायू असतोच. तिशीत तो भरून काढता येतो. साठीनंतर, पाळी जाऊन बरीच वर्षं झाल्यावर, हाडं आधीच ठिसूळ आणि मांड्या बारीक झालेल्या असतात. दादरचा पूल चढायला आणि लोकलच्या पायरीवर पाय टाकायला लागतो तो हाच स्नायू.

भूक मेली की ताटातून पहिली जाते उसळ. चहा-बिस्किट मात्र टिकतं. गुरुवारच्या साबुदाणा खिचडीत तर दाण्याचं कूट सोडलं तर प्रथिनं नावालाच. वयस्करांना वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत, असं तज्ज्ञ सांगतात. म्हणजे ६५ किलोच्या बाईला निदान ६५ ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८. दोन घासांत पोट भरत असेल तर अंडं, मासळी, पनीर, डाळ आधी, भात नंतर. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हा हिशेब डॉक्टरांनीच करायचा.

आणि व्यायाम? शिवाजी पार्कला सकाळच्या फेऱ्या मारणाऱ्या आजींचं मला कौतुक आहे, पण नुसतं चालणं पुरत नाही. २०१७ च्या एका अमेरिकन अभ्यासात ६५ वर्षांवरच्या १६० लठ्ठ व्यक्ती होत्या, औषध कुणालाच नव्हतं. आहार कमी करून फक्त चालणं-सायकल असा दमाचा व्यायाम करणाऱ्यांचं चरबीविरहित वजन ५ टक्के घटलं. वजनं उचलणाऱ्यांचं २ टक्के. दोन्ही करणाऱ्यांचं घटलं ३ टक्के, पण उठणं-बसणं, जिने चढणं यांत सर्वाधिक सुधारणा त्यांच्यातच झाली. कोपनहेगनमध्ये लिराग्लुटाइड या जुन्या भावंडावर झालेल्या अभ्यासात औषध एकटंच घेणाऱ्यांची नितंब आणि कण्याची हाडं विरळ झाली. सोबत व्यायाम करणाऱ्यांची टिकली. त्यातली माणसं पासष्टीच्या आतली होती, हे लक्षात ठेवू या.

सुरुवातीला जिम नको. हात न लावता खुर्चीतून पाच वेळा उठून बसा. १५ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर पाय अशक्त आहेत, आणि ते इंजेक्शन सुरू होण्याआधी डॉक्टरांना कळायला हवं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर तेही सांगा, कारण जेवण घटल्यावर जुन्याच डोसने साखर धोकादायक उतरू शकते.