एजंटच्या डायरीपासून एसओपीपर्यंत

जून १९८७. एका विमेदाराने थकलेला हप्ता बेअरर चेकने, म्हणजे जो नेईल त्याला पैसे मिळतील अशा चेकने, एजंटच्या हाती दिला. चेक वटला, पण पैसे एजंटकडेच राहिले. ९ ऑगस्टला विमेदार अपघातात गेला. दुसऱ्या दिवशी एजंटने धावत जाऊन एलआयसीत हप्ता भरला. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९७ मध्ये निकाल लागला तो घरच्यांच्या विरोधात. नियमांप्रमाणे एजंटला हप्ता घेण्याचा अधिकारच नव्हता, त्यामुळे त्याच्याकडे दिलेले पैसे एलआयसीला मिळाले असे धरता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

विमा एजन्सीला एसओपी, म्हणजे कामाची ठरवून लिहिलेली पद्धत, कशाला हवी, असे कुणी विचारले की मला हे प्रकरण आठवते. शब्द नवा असला तरी त्यातली बहुतेक कलमे जुन्या भांडणांतूनच आली आहेत.

१९३८ च्या विमा कायद्यातच त्यातली काही दिसतात. कलम ४१ ने कमिशनमधला वाटा ग्राहकाला परत देऊन पॉलिसी विकायला बंदी केली. (ही बंदी किती पाळली गेली, ते आपल्या ओळखीच्या एजंटला विचारावे.) कलम ४५ ने प्रपोजल फॉर्ममधल्या (विम्यासाठी भरायच्या अर्जातल्या) चुकीवरून दोन वर्षांनंतर पॉलिसी नाकारणे अवघड केले, २०१५ पासून ही मुदत तीन वर्षे आहे, आणि त्यानंतर कोणत्याच कारणाने पॉलिसीला आव्हान देता येत नाही. म्हणजे पहिली तीन वर्षे सगळी मदार त्या फॉर्मवर. आणि तो बहुधा एजंटच भरतो, चहा पिता पिता, मधुमेहाचा रकाना ‘नाही’ करून. पुढे आलेल्या कलम ६४व्हीबी ने तर वेळच बांधून दिली: एजंटने घेतलेला हप्ता, कमिशन न कापता, चोवीस तासांत कंपनीकडे भरला किंवा टपालाने रवाना केला पाहिजे; बँक आणि टपालाच्या सुट्ट्या तेवढ्या वगळून.

१९ जानेवारी १९५६ ला चिंतामणराव देशमुखांनी आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले. १ सप्टेंबरला एलआयसी सुरू झाली तेव्हा ते अर्थमंत्री उरले नव्हते. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी राजीनामा दिला होता. २४५ संस्थांचे कामकाज एका महामंडळात आले, शाखांत एकच पद्धत रुजत गेली. एजंटचे घर मात्र त्या शिस्तीच्या बाहेर राहिले. कोणाचा हप्ता कधी, कोणाचा वारस बदलायचा, हे सारे त्याच्या डायरीत, नाहीतर डोक्यात. तो आजारी पडला की हप्ते चुकून पॉलिस्या लॅप्स (बंद) व्हायला लागत.

२००० नंतर खासगी कंपन्या आल्या, नियामक आला. २००२ च्या नियमांनी न पटलेली पॉलिसी परत करायला ती मिळाल्यापासून पंधरा दिवस दिले. २०२४ मध्ये ते तीस झाले. आता पॉलिसी ग्राहकाला कोणत्या तारखेला मिळाली, याची नोंदही एजन्सीकडे हवी.

म्हणून चांगल्या एजन्सीची एसओपी दिसायला अगदी साधी असते. हप्ता ग्राहकाने थेट कंपनीच्या खात्यात भरायचा, पावती त्याच दिवशी पाठवायची. आजाराचे प्रश्न ग्राहकाला वाचून दाखवायचे, उत्तर त्याच्याच शब्दांत लिहायचे. हप्त्याच्या मुदतीच्या महिनाभर आधी पहिला फोन, आणि तो कोणी केला त्याची नोंद. दोन-तीन माणसांच्या कचेरीत याचा सर्वांत मोठा फायदा मुख्य एजंट रजेवर असताना कळतो: दाव्यासाठी आलेल्या विधवेला ‘साहेब आल्यावर या’ असे सांगावे लागत नाही.