श्रद्धा समजून घेण्यासाठी कथालेखन (शुसाकू एंडो यांच्या संदर्भात)

देव, दुःख, पाप यांबद्दलचे जे प्रश्न प्रवचनात सुटत नाहीत ते एखाद्या पात्राच्या वाट्याला द्यायचे आणि ते पात्र काय करतं हे लिहिता लिहिताच स्वतःला उलगडा करून घ्यायचा, अशा लेखनाबद्दल ही नोंद आहे. असे लेखक जगभर झाले, पण जपानी कादंबरीकार शुसाकू एंडो (१९२३–१९९६) यांनी हे जितक्या चिकाटीने आयुष्यभर केलं तितकं फार थोड्यांनी केलं असेल.

एंडोंचा जन्म टोकियोचा, लहानपण मांचुरियात गेलं, आईवडलांचा घटस्फोट झाल्यावर आई मुलांना घेऊन कोबेला आली, कॅथलिक झाली आणि तिच्यामुळे एंडोंचाही लहान वयातच बाप्तिस्मा झाला. म्हणजे धर्म त्यांनी निवडला नव्हता, आईने दिला होता. जपानमध्ये ख्रिस्ती लोक आजही एक टक्क्याच्या आसपास. आईने अंगावर चढवलेला हा पाश्चात्त्य सूट मापाचा बसत नाही, पण टाकवतही नाही, मग तो उसवून त्याचा किमोनो शिवत बसणं हेच आपलं लेखन, असं ते सांगायचे. १९५०मध्ये ते शिकायला फ्रान्सला गेले, तिथे हा परकेपणा आणखी टोचला, पुढे क्षयरोग, मग फुप्फुसांची मोठमोठी ऑपरेशन्स.

या आजारपणाच्या काळानंतर १९६६ला आली 'चिन्मोकू' (म्हणजे मौन) ही कादंबरी, इंग्रजीत 'सायलेन्स'. पार्श्वभूमी सतराव्या शतकाची. १६१४ला जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी आली, आणि कोण ख्रिस्ती आहे हे ओळखायला अधिकारी लोकांना फुमिए म्हणजे येशूची किंवा मरियमची कोरलेली पाटी पायाने तुडवायला लावत. नागासाकीत एंडोंनी अशी एक पाटी पाहिली, तिच्यावर पायांच्या अंगठ्यांचे काळे डाग राहिले होते. ते पाय कुणाचे, पाय ठेवताना त्या माणसांना काय वाटलं असेल, हा प्रश्न त्यांना सोडेना आणि कादंबरी तिथून सुरू झाली.

जे मेले पण धर्म सोडला नाही त्यांची नावं राहिली. या बंदीच्याही आधी, १५९७ला, नागासाकीत क्रुसावर चढवलेल्या २६ जणांत आपल्या वसईचे गोन्सालो गार्सिया होते, १८६२ला त्यांना संत घोषित केलं, वसईत त्यांच्या नावाचं चर्च आहे. पण ज्यांनी घाबरून पाय ठेवला आणि घरी जाऊन रडले त्यांच्याबद्दल इतिहास जवळजवळ गप्प आहे, धर्मशास्त्राकडेही त्यांच्यासाठी एक ठरलेला शब्द आणि एक ठरलेली शिक्षा एवढंच. कथा इथे खरंच कामाला येते असं मला वाटतं. 'सायलेन्स'मध्ये एंडोंनी किचिजिरो उभा केला, जो परत परत धर्म नाकारतो, कादंबरीचा नायक असलेल्या पोर्तुगीज पाद्रीला पकडून देतो आणि परत परत माफी मागायला येतो, की मी दुबळा जन्मलो यात माझी काय चूक. हा प्रश्न निबंधात घातला तर दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होता येतं, पण चिखलात लोळणारा माणूस समोर आला की ते उत्तर तोंडातून निघत नाही.

'डीप रिव्हर' (१९९३) थेट वाराणसीत घडते. तिच्यातला ओत्सू पाद्री व्हायला निघालेला, त्याचे विचार चर्चला पटत नाहीत, शेवटी तो गंगेकाठी गरिबांची प्रेतं खांद्यावर वाहून नेतो. आयुष्याच्या शेवटी एंडो आपल्या देवाला हिंदूंच्या नदीवर शोधत होते, हे भारतीय वाचकाने आवर्जून वाचावं असं आहे.

मराठीत श्रद्धेच्या पोटी कादंबरी आली ती फार आधी. बाबा पदमनजींनी १८५४ला बाप्तिस्मा घेतला आणि १८५७ला 'यमुनापर्यटन' लिहिलं. विधवांच्या हालांचं त्यातलं चित्रण आजही अस्वस्थ करतं, त्यांची तळमळ शंभर टक्के खरी आहे, पण धर्माचं उत्तर लेखकाच्या हातात आधीच आहे आणि नायिका यमुना त्या उत्तराकडे चालत जाते. एंडोंकडे उत्तर नाही, म्हणून त्यांची पात्रं लेखकालाही अडचणीत आणतात.

'सायलेन्स'वर बरेच जपानी कॅथलिक नाराज झाले, कारण त्यात पाटीवरचा ख्रिस्तच पाद्रीला 'पाय ठेव' म्हणतो आणि हे धर्मत्यागाचं समर्थन आहे असा आक्षेप आला. आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. मात्र पुष्कळ वाचक शेवटचं सरकारी रोजनिशीच्या थाटातलं कोरडं प्रकरण वाचतच नाहीत, आणि धर्म सोडलेल्या त्या पाद्रीचं, किचिजिरोचं पुढे काय झालं ते तिथेच कळतं.