एफएसएच नॉर्मल म्हणजे ‘ब्लॉकेज’ नव्हे

वीर्यतपासणीच्या अहवालावर ‘शुक्राणू आढळले नाहीत’ असे लिहून आले की रक्तातील एफएसएच या संप्रेरकाचा आकडा पाहिला जातो; तो नॉर्मल निघाला की ‘ब्लॉकेज असणार’ आणि वाढलेला निघाला की ‘आता काही उरले नाही’ असा निकाल लावून मंडळी मोकळी होतात. ही दोन्ही समीकरणे चुकीची आहेत.

वीर्यात शुक्राणू नसण्याचे दोन प्रकार आहेत: वाटेत अडथळा किंवा निर्मितीतच दोष. अडथळ्याचा प्रकार समजायला सोपा आहे. नसबंदी झालेला पुरुष डोळ्यांसमोर आणावा: वृषणात शुक्राणू तयार होत राहतात, वाट तेवढी बंद असते, आणि वीर्याचा बहुतांश द्रव शुक्राशय व प्रोस्टेट यांच्याकडून येत असल्याने त्याचे प्रमाण फारसे घटतही नाही. दुसऱ्या प्रकारात वाट मोकळी असते, पण वृषणातील निर्मितीच थांबलेली किंवा अत्यल्प असते. वीर्यातील फ्रुक्टोज या साखरेबद्दल एकच वाक्य पुरे: ते शुक्राशयातून येते, त्यामुळे अडथळा अधिवृषणाशी (वृषणाला चिकटलेल्या, शुक्राणू साठवणाऱ्या नळीशी) असला तर फ्रुक्टोज व्यवस्थित सापडते, आणि ‘फ्रुक्टोज आहे म्हणजे मार्ग मोकळा’ हे म्हणणे टिकत नाही.

खरी गफलत एफएसएचची आहे. हे संप्रेरक मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून येते, वृषणातून नव्हे. वृषणात शुक्राणूंना पोसणाऱ्या सर्टोली पेशी इन्हिबिन-बी हे संप्रेरक सोडून या ग्रंथीला आवर घालतात. शुक्राणूंच्या सुरुवातीच्या पेशीच नाहीशा झाल्या की इन्हिबिन-बी घटते, आवर सुटतो आणि एफएसएच चढते. म्हणजे हा आकडा तयार शुक्राणू मोजत नाही. वृषणातील पेशींचा ताफा कितपत शाबूत आहे, एवढेच तो आडून सांगतो. आता अशी स्थिती घ्या की सुरुवातीच्या पेशी भरपूर आहेत, पण त्यांची वाढ मधल्याच एका टप्प्यावर अडकते. शुक्राणू एकही तयार होत नाही, तरी सर्टोली पेशींचे काम चालू असते, वृषणाचा आकार चांगला असतो आणि एफएसएच नॉर्मल येते. कागदावर हा रुग्ण हुबेहूब अडथळ्याचा रुग्ण दिसतो, आणि नळी जोडण्याच्या शस्त्रक्रियेने त्याला काहीही मिळणार नसते.

उलट बाजूही तितकीच फसवी आहे. एफएसएच वाढलेले असूनही वृषणात कुठेतरी निर्मितीचा एखादा लहानसा पुंजका जिवंत असू शकतो. सूक्ष्मदर्शकाखाली वृषणातून शुक्राणू शोधण्याच्या मायक्रो-टेसे शस्त्रक्रियेत अशा पुरुषांपैकी जवळपास निम्म्यांत शुक्राणू सापडतात. केवळ आकडा पाहून जोडप्याला ‘डोनर घ्या’ सांगणे मला अक्षम्य वाटते.

एफएसएच ७.६ (एमआययू प्रति मिलिलिटर) आणि वृषणाची लांबी ४.६ सेंटिमीटर ही जोडी २००२ पासून प्रचलित आहे: एफएसएच याहून जास्त आणि वृषण याहून लहान असेल तर निर्मितीचा दोष बहुधा नक्की. मात्र ‘बहुधा’ हा शब्द गाळून चालत नाही, आणि वृषण मोजल्याशिवाय नुसते रक्त पाहणे तर मुळीच नाही. अनुभवी यूरॉलॉजिस्ट आधी हात लावून तपासतो. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत शुक्रवाहिनी घट्ट दोरीसारखी लागते. ती दोन्ही बाजूंना लागलीच नाही, तर ती जन्मतःच नसल्याचे निदान तिथेच होते आणि पुढची चौकशी सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराशी निगडित सीएफटीआर जनुकाची करावी लागते.

२०१३ मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी वीर्यातील दोन प्रथिने पुढे आणली, आणि मला ती जोडी एफएसएचहून कितीतरी प्रामाणिक वाटते. ईसीएम-१ अधिवृषणातून येते, म्हणून वाट बंद असली की ते घटते. टेक्स-१०१ वृषणातील शुक्राणूजनक पेशींचे आहे, म्हणून वाट मोकळी असताना निर्मिती कुठे अडली याचा माग ते देते. नेहमीच्या लॅबमध्ये या चाचण्या सहसा होत नाहीत. तोवर एफएसएच नॉर्मल आणि शुक्रवाहिनी हाताला लागत असेल, तर वीर्याचा नमुना सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात वेगाने फिरवून) पुन्हा तपासावा, आणि निर्मितीच्या दोषाची शंका उरली तर कॅरिओटाइप (सर्व गुणसूत्रांची तपासणी) व वाय-गुणसूत्राची चाचणी करून घ्यावी; कारण वाय-गुणसूत्रावरील एझेडएफ-ए किंवा एझेडएफ-बी हा शुक्राणुनिर्मितीशी निगडित भाग पूर्ण गळालेला निघाला, तर वृषणातून शुक्राणू शोधण्याची शस्त्रक्रिया करू नये, असेच सांगितले जाते.